कील खाली, हा माझा हट्ट होता

शिडाच्या होडीत बसायला येणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकायला लावत आलो: किनारा सुटला की कील खाली, आणि परत किनाऱ्याला लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. पाणी उथळ असेल तरच वर, एरवी खाली. यात चर्चेला जागा नाही असं मी सांगत असे, आणि कुणी चर्चा केलीच तर त्याला संध्याकाळी होडी धुवायला लावत असे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कशामुळे बदललं, कुठवर बदललं आणि कुठे मुळीच बदललं नाही, हे एकदा नीट मांडावं म्हणून हा लेख.

ज्यांनी शिडाची होडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. शिडात वारा भरला की तो होडीला नुसता पुढे नेत नाही, आडवाही ढकलतो. हा आडवा रेटा अडवायला होडीच्या बुडाखाली एक उभं पातं असतं. तीच कील. मोठ्या यॉटला ती कायमची जडवलेली असते. लहान होड्यांत ती वर-खाली करता येते. काहींत ती खोबणीतून सरळ वर ओढून काढायची, काहींत ती एका जाड खिळीवर फिरते आणि वर येताना मागे मागे जात होडीच्या पोटात शिरते. ही फिरणारी कील हलक्या लाकडाची किंवा फायबरची असेल तर तिला सेंटरबोर्ड म्हणतात. जड लोखंडाची असेल, म्हणजे होडीला सरळ उभं ठेवणारं वजनही तिच्यातच असेल, तर ती खरी झुलती कील. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण शेवटचा निकाल त्याच्यावरच लागणार आहे.

माझं शिक्षण मुंबईचं. कुलाब्यासमोरच्या पाण्यात, निळ्या शिडांच्या एंटरप्राइज होड्यांमध्ये. दोन माणसं, एक सुकाणू, मध्ये उभ्या पेटीतून खाली सोडायचा सेंटरबोर्ड. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईला झाल्या. फायरबॉल वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी आपल्याला सुवर्णपदक मिळवून दिलं, आणि एंटरप्राइजचं सुवर्ण पाकिस्तानच्या बायरम व गोश्पी आवारी या दांपत्याने नेलं. त्या दिवसांत होड्यांपायी वेडी झालेली जी पोरं मुंबईत होती, त्यांतला मीही एक. वारा पाठीवर आला की शर्यतवाले बोर्ड वर घेतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सेकंदासेकंदासाठी भांडणाऱ्यांचा तो चाळा, आपल्यासारख्या साध्या दर्यावर्दीने त्याच्या नादी लागू नये, असं माझं पक्कं मत होतं.

मत पक्कं असायला कारणंही भक्कम होती. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. त्या ओढीत कील वर असलेली होडी वाऱ्याला नव्हे, पाण्याला विकली जाते. मोठ्या जहाजांचा मार्ग जवळून जातो. तिथे ‘जरा सरकली’ एवढंही परवडत नाही. दुसरं कारण याहून मोठं. सेंटरबोर्डवाली होडी उलटली तर तिला सरळ करायचं साधन म्हणजे तोच बोर्ड. बुडाबाहेर आडव्या आलेल्या त्या फळीवर उभं राहायचं, अंगाचा भार टाकायचा, मग शीड पाण्याबाहेर येतं. बोर्ड वर घेतलेला असेल आणि होडी पुरती पालथी पडली, तर तो पेटीत घसरून आत जातो. मग गुळगुळीत बुडावर पाय ठेवायलाही काही उरत नाही. अशा पालथ्या होडीशी झुंजणाऱ्या पोरांना लाँचमधून उचलून आणलंय मी. त्यामुळे ‘कील खाली’ हा माझा हट्ट काही हवेतून आलेला नव्हता.

निवृत्तीनंतर आम्ही दारासुरमला राहायला आलो. माझ्या बायकोचं माहेर इथलं, व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेल्या घराण्यांपैकी. घरात आजही तंजावरी मराठी चालते, आणि माझ्या पुणेरी क्रियापदांची तिच्याशी रोज चकमक होते. कुंभकोणमपासून चारेक किलोमीटरवरचं हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं: रेशमाचे माग आणि ऐरावतेश्वराचं देऊळ. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचा पुढचा मंडप रथासारखा, दगडी घोडे आणि दगडी चाकं असलेला. ती चाकं पाहायला येणारे लोक जाता जाता आमच्या कुंपणाआत ट्रेलरवर उभ्या असलेल्या होडीकडेही बघतात. समुद्रापासून इतक्या आत होडी कशाला, हा प्रश्न मला भाषांतराशिवाय कळतो.

होडी मी चेन्नईच्या एका गृहस्थांकडून घेतली. बंदरातल्या रॉयल मद्रास यॉट क्लबमुळे तिथे शिडांच्या होड्यांची परंपरा जुनी. तो क्लब १९११ मध्ये सुरू करणारे सर फ्रान्सिस स्प्रिंग हे मद्रास पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष. पुढच्याच वर्षी त्यांच्या कचेरीत कारकून म्हणून जो तरुण लागला तो आमच्या कुंभकोणमचा श्रीनिवास रामानुजन, आणि त्याची गणितं केंब्रिजपर्यंत पोचावीत म्हणून खटपट करणाऱ्यांत स्प्रिंगसाहेब होते. कुंभकोणममध्ये होडीचा विषय काढला की मी ही गोष्ट सांगतो. मग ट्रेलर रस्त्यात आडवा आला तरी लोक सोसून घेतात.

तर ही होडी बावीस फुटी, अमेरिकन घाटाची. पोटात अडीचशे किलोच्या आसपास ओतीव लोखंडाची झुलती कील. ती वर असली की होडीला दोन फूट पाणी पुरतं, पूर्ण खाली सोडली की पाच फूट लागतं. केबिनच्या दाराशी एक हातरहाट, त्याच्यावरून पोलादी दोर, दोराच्या टोकाला कील. मुंबईतला सेंटरबोर्ड मी एका हाताने वर ओढत असे. हिला वर आणायचं तर रहाटाचे फेरे मोजता मोजता दंड भरून येतात. कील अशी पोटात जाते म्हणूनच होडी ट्रेलरवर बसते, आणि म्हणूनच माझ्यासारखा माणूस ती विणकरांच्या गावात ठेवू शकतो.

इथून मन्नारगुडी, पट्टुकोट्टैवरून खाली गेलं की पाल्कची सामुद्रधुनी. त्या किनाऱ्यावर मल्लिपट्टिनमजवळ मनोरा उभा आहे. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला हा षट्कोनी, मजल्यांवर मजले चढवलेला बुरूज. मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावर इंग्रजांच्या विजयासाठी उभारलेली ही वास्तू इतिहासकारांसाठी काय असेल ती असो, माझ्यासाठी ती दर्यावरून दिसणारी सर्वांत भरवशाची खूण आहे.

या समुद्राने माझ्या हट्टाला पहिला धक्का दिला. कावेरीच्या फाट्यांनी आणलेला गाळ शतकानुशतकं या बाजूला साचत आलाय. मुत्तुपेट्टच्या खारफुटीतल्या सरोवरात तर बहुतेक ठिकाणी कमरेच्या वर पाणी नाही. उघड्या समुद्रातही किनाऱ्यापासून बरंच दूर गेलं तरी तळ जवळच असतो. आणि भरती-ओहोटी म्हणावी तर मीटरभरसुद्धा नाही. मुंबईत मी भरतीचं कोष्टक खिशात घेऊन जन्म काढला. इथे त्या कोष्टकाला अर्थच नाही. पाणी कमी-जास्त करतो तो वारा. वाडै, म्हणजे उत्तरेचा वारा, काही दिवस धरून राहिला की वाळूच्या एखाद्या उंचवट्यावरचं पाणी कालच्यापेक्षा वेगळं निघतं. पाच फुटांची कील लोंबकळत ठेवून या पाण्यात फिरायचं म्हणजे सतत धसका. मी काय केलं, तर किनाऱ्यापासून आणखी दूर गेलो. हट्ट तसाच ठेवला आणि त्याच्यासाठी समुद्र निवडला.

दुसरा धक्का निर्णायक होता, आणि तो किनाऱ्यावरच बसला. वेदारण्यमपासून अदिरामपट्टिनमपर्यंतच्या या पट्ट्यात ‘वत्तै’ नावाच्या मासेमारी होड्या चालत. पसरट बूड, तीन डोलकाठ्या, तिरकस परबाणांवरची शिडं. होडी कलू नये म्हणून वाऱ्याकडच्या बाजूला बाहेर काढलेली एक लांब आडवी फळी, तिच्यावर वारा वाढेल तशी माणसं चढत जायची. आणि वाऱ्याआडच्या कुशीला दोराने टांगून पाण्यात सोडलेली उभी फळी, जिला इंग्रज लीबोर्ड म्हणत. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे प्रमुख जेम्स हॉर्नेल यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात या किनाऱ्याच्या होड्यांची दखल घेतली. पुढे शॉन मॅकग्रेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ च्या दक्षिण आशियाई होड्यांवरच्या पुस्तकात वत्तैवर स्वतंत्र प्रकरण आहे. आता बहुतेक होड्यांना इंजिनं आली, शिडं गेली.

मल्लिपट्टिनमच्या बाजूला एका म्हाताऱ्या कोळ्याच्या छपराला अशी एक जुनी फळी टेकून ठेवलेली मी पाहिली. उंचीला माझ्या खांद्यापर्यंत. लाकूड काळं पडलेलं, खालची कड झिजून गोल झालेली. मी बघत राहिलो ते वेगळ्याच गोष्टीकडे. फळीच्या तोंडावर, होडीच्या काठाला ती जिथे घासत असणार तिथे, आडवे खोलगट वळ पडले होते. एक नव्हे, एकाखाली एक असे अनेक. सर्वांत वरचा वळ म्हणजे फळी पुरती पाण्यात असतानाचा. तो खोल होता. पण मधले वळही तितकेच खोल होते. फळी नेहमी पूर्ण खाली ठेवली असती तर लाकूड एकाच जागी झिजलं असतं. या लाकडावर कुणाच्या तरी उभ्या आयुष्याची वहिवाट कोरलेली होती, आणि ती मी शिकवत आलो त्याच्या बरोबर उलट होती.

मेहुण्यांना मध्ये घालून मी म्हातारबांना विचारलं, की मधले हे वळ उथळ पाण्यातले का? मेहुण्यांनी तमिळमध्ये विचारलं, उत्तर ऐकलं आणि हसत म्हणाले, “भावोजी, ते म्हणतात, उथळ पाण्यात तर फळी वर घ्यावीच लागते, त्यात विचारायचं काय? हे खोल पाण्यातले.” मग खोल पाण्यात फळी वर कशाला? म्हातारबांनी मला उलट प्रश्न केला: वारा मागून असताना फळी खाली ठेवून तिच्यावर काय अडवणार?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे मला तिथल्या तिथे कळलं. कीलचं काम आडवा रेटा अडवणं. वाऱ्याच्या तोंडावर चढताना हा रेटा सर्वांत जास्त, म्हणून कील पूर्ण हवी. वारा कुशीवर आला की रेटा कमी होतो. वारा पाठीशी आला की तो जवळपास संपतो. मग पाण्यात सोडलेलं ते पातं अडवतं कुणाला? होडीलाच. हे मी मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवलेलं होतं. फक्त त्या बाणांपुढे कीलच्या दोराला हात घालायची पाळी मी स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती.

त्यानंतर मी कीलची रीतसर परीक्षा सुरू केली. नैर्ऋत्येचा कच्चान वारा या भागात मुंबईतल्या पावसाळ्याच्या महिन्यांत चांगला लागतो. मनोऱ्याला खूण धरायची, होकायंत्रावर एक दिशा पकडायची, आणि जीपीएसवर प्रत्यक्षात होडी कुठे सरकतेय ते पाहायचं. दोहोंतलं अंतर म्हणजे आडवं सरकणं. वाऱ्याच्या तोंडावर कील निम्मी उचलली तर हे अंतर लगेच वाढलं, पूर्ण उचलली तर मनोरा नको त्या बाजूला पळायला लागला. तिथे माझा जुना नियम शंभर टक्के खरा. पण वारा बरोबर कुशीवर घेऊन कील निम्म्यावर आणली तेव्हा सरकण्यात पडलेला फरक नजरेत भरण्याइतकाही नव्हता, आणि वेग मात्र वाढला होता.

याहून मोठा शोध लागला तो सुकाण्याच्या दांड्यावर. वारा वाढला की या होडीचं सुकाणू जड होतं. होडी सारखी वाऱ्यात तोंड घालायला बघते आणि दांडा छातीशी ओढून धरावा लागतो. याला माझा उपाय एकच होता, शीड कमी करा. झुलती कील मात्र वर येताना नुसती वर येत नाही, मागेही जाते. त्यामुळे पाणी होडीला जिथे अडवतं तो बिंदू मागे सरकतो, आणि होडीची वाऱ्यात घुसायची ओढ कमी होते. रहाटाचे थोडेसे फेरे दिले आणि दांडा हातात हलका झाला. शीड तेवढंच, वारा तोच. खोबणीतून सरळ वर येणाऱ्या बोर्डला हे साधत नाही. म्हणजे जिला मी आजवर सुरक्षेची एक खिळी समजत होतो, ती शिडाच्या दोरासारखंच होडी चालवायचं एक साधन आहे. दारासुरमच्या घरी मी हे सांगत असताना शेजारचे विणकर कुंपणाशी उभे होते. ते म्हणाले, मागाची पावडी कुणी दिवसभर दाबून ठेवतं का? ठेवली तर सूत हलणारच नाही.

मग इतिहासही वेगळा दिसायला लागला. कान्होजी आंग्र्यांची गलबतं उथळ बुडाची होती, म्हणून इंग्रजांची खोल बुडाची जहाजं जिथे फिरकू शकत नव्हती त्या खाड्यांत ती आरामात शिरत. त्याची किंमत म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर ती आडवी सरकणार. आंग्र्यांचं उत्तर होतं वल्ही. एकेका गलबतावर वल्हेकऱ्यांच्या रांगा असत. ज्यांच्याकडे इतकी माणसं नव्हती त्यांनी दुसरं उत्तर शोधलं, सरकती फळी. ब्रिटिश आरमारातल्या जॉन शँकने अठराव्या शतकात बॉस्टनला अशा कीलची होडी बांधून पाहिली. पुढे १७९८ ला बांधलेल्या ‘लेडी नेल्सन’ या लहानशा जहाजाला तीन सरकत्या कील होत्या, आणि ते ऑस्ट्रेलियाच्या अज्ञात, उथळ किनाऱ्याची पाहणी करायला पाठवलं गेलं. खिळीवर फिरणाऱ्या सेंटरबोर्डचं पेटंट न्यू जर्सीच्या स्वेन बंधूंनी १८११ मध्ये घेतलं. हा सगळा इतिहास मला पाठ होता, पण मी त्यातून एकच अर्थ काढत असे: उथळ पाण्यासाठीची सोय. पाल्कच्या कोळ्याने त्या सोयीचा दुसरा, रोजचा उपयोग केव्हाच ओळखला होता.

आता जिथे माझं मत बदललेलं नाही त्याबद्दल. इथेच माझ्याशी वाद घालायला लोक जास्त येतात, कारण बदललेल्या माणसाने पूर्ण बदलावं अशी आपली अपेक्षा असते.

बिघडलेल्या हवामानात कील वर घ्यावी की खाली, यावर दर्यावर्दींत दोन तट आहेत. वर घ्या म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की कुशीवर मोठी लाट फुटली तर खाली सोडलेली कील पाण्यात रुतते, लाट होडीच्या वरच्या अंगाला ढकलते आणि होडी कीलला अडखळून उलटते. कील वर असेल तर होडी लाटेबरोबर आडवी घसरते आणि वाचते. फ्रान्समधल्या ले साब्ल दोलॉनला बांधल्या जाणाऱ्या ओव्हनी जातीच्या अॅल्युमिनियमच्या होड्या घेऊन लोक ध्रुवांकडच्या समुद्रात जातात, आणि वादळात वाऱ्यापुढे पळताना सेंटरबोर्ड वर घेतात. हे सगळं खरं आहे.

पण त्या होड्यांचं वजन बुडात बसवलेलं असतं, बोर्डमध्ये नव्हे. बोर्ड वर घेतला तरी त्यांचा तोल जागेवरच राहतो. माझ्या होडीचं तसं नाही. तिची कील वर घेणं म्हणजे अडीचशे किलो लोखंड सुमारे दीड फूट वर उचलून ठेवणं. होडी जरा कलली असताना याचा फारसा पत्ता लागत नाही, म्हणूनच हे फसवं. पण ती आडवी पडली तर तिला परत उभं करायला तेच लोखंड खोल पाहिजे. शिवाय होडी आडवी पडल्यावर मोकळी कील स्वतःच्या वजनाने उलटी फिरून पेटीत आदळू शकते, आणि तिथे खिळी, दोर किंवा बूड, काहीतरी जाणार. म्हणून अशा होड्यांत कील खाली सोडून अडकवायचा बोल्ट असतो. खुल्या पाण्यात, लाट उठलेली असताना, कील खाली आणि बोल्ट आवळलेला, यावर माझा जुना हट्ट जसाच्या तसा कायम आहे. उथळ, शांत पाण्यात मात्र बोल्ट मोकळा हवा, कारण तळाला लागली तर कीलने वर उडून जायचं असतं. आवळलेली कील तळावर आपटली की तो सगळा मार होडीच्या बुडाला बसतो.

तेव्हा आता मी शिकवतो ते असं. वाऱ्याच्या तोंडावर चढताना आणि वळताना कील पूर्ण खाली. वारा कुशीवर आला की निम्मी, आणि सुकाणू जड लागलं तर त्याच्या ओढीप्रमाणे थोडी अधिक वर. वारा पाठीशी असेल, पाणी शांत असेल, तर आणखी वर, पण पूर्ण नव्हे. जरा पातं पाण्यात राहिलं तर होडी दोन्ही बाजूंना झोके खात नाही आणि सुकाण्याला टेकू मिळतो. हलक्या सेंटरबोर्डच्या होडीत वारा मागून घेऊन शीड या बाजूचं त्या बाजूला टाकायचं असेल, तर बोर्ड आधी निम्मा वर घ्यावा. पूर्ण खाली असला तर होडी त्याच्यावरच अडखळते. धक्क्याला लागताना कील घाईने वर घेऊ नये. पूर्ण वर असलेली होडी सुकाण्याचं ऐकत नाही, आणि मंद वेगात तर मुळीच नाही. वाळूला लागताना शिडं उतरवल्यावर, अगदी शेवटी वर. आणि सुकाण्याचं पातं कीलपेक्षा खोल जात असेल तर आधी त्याची काळजी करावी, तळाला पहिलं तेच लागतं.

एक बारकी गोष्ट पाल्कच्या चिखलाने शिकवली. दोर सैल पडला म्हणजे कील खाली गेली असं समजू नये. चिखल, शिंपले किंवा एखादा दगड पेटीत अडकून कील वरच राहते, आपण दोर सोडत राहतो, आणि मग पुढच्या लाटेला ती एकदम सुटते. अडीचशे किलो लोखंडाचा तो धक्का सगळा खिळीवर येतो. म्हणून दोर सोडताना एक हात त्याच्यावर ठेवायचा. ताण असेल तर कील खाली चालली आहे. ताण गेला आणि तळ आलेला नसेल तर तिथेच थांबायचं, सैल पडलेला दोर परत गुंडाळायचा आणि पेटी साफ करायची. दोराला ठरावीक अंतरावर रंगीत धागा बांधून ठेवला की कील किती खाली आहे हे वाकून न बघता कळतं. माझ्या दोरावरचे धागे दारासुरमच्या मागावरचे आहेत. खाऱ्या पाण्यात रेशमाचा रंग फार टिकत नाही, म्हणून ते अधूनमधून बदलावे लागतात.

मुंबई-गोव्यात मुलांना शिडाच्या होड्या शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. पहिल्या दिवशी ‘बोर्ड खाली’ जरूर शिकवा, उलटलेली होडी त्याच्याशिवाय सरळ होत नाही. पण शिडाचा दोर ज्या दिवशी मुलाच्या हातात द्याल, त्याच दिवशी बोर्डचा दोरही द्या. आणि झुलत्या कीलची होडी विकत घेणाऱ्याने रहाटाला हात घालण्याआधी एक गोष्ट तपासावी: होडीचं वजन बुडात आहे की कीलमध्ये. बुडात असेल तर बिघडलेल्या हवेतही कील वर घ्यायची मुभा आहे. कीलमध्ये असेल तर नाही.